गाडीचं कूलंट: बदलायचं कधी आणि सिस्टीम धुवायची कशी

मार्च संपत आला की गॅरेजमध्ये गाडी गेलेल्या प्रत्येकाला सल्ला मिळतो, "उन्हाळा आलाय, कूलंट फ्लश करून घ्या." काही गाड्यांना त्याची खरोखर गरज असते, बऱ्याच गाड्यांना नसते. आणि ज्यांना असते त्यांचंही काम पुष्कळदा अर्धवटच होतं. रेडिएटरचा खालचा पाईप काढायचा, पडेल तेवढं पाडायचं, वरून नवं ओतायचं आणि झाकण लावायचं. इंजिनच्या आतलं जुनं पाणी तसंच राहतं, नवं कूलंट त्यात मिसळून पातळ होतं आणि गाडीमालकाला वाटतं की आता पाच वर्षं बघायला नको.

मी माझ्या पेट्रोल हॅचबॅकचं हे काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच करतो आणि शेजारपाजारच्यांनाही करून देतो. अवघड काही नाही. पण यात एक हिशोब आहे: बाहेर किती पडलं आणि आत किती राहिलं. तो कळला की बाकी सगळं पान्या-पक्कडीचं काम. म्हणून या लेखात मी त्या हिशोबावर जरा जास्त थांबणार आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या. आपल्याकडच्या हवेत कूलंटचं मुख्य काम पाणी गोठू न देणं हे नाही. तीन कामं आहेत: पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवणं, गंज थांबवणं आणि वॉटर पंपाचं सील व त्याच्या आतला पंखा सांभाळणं. कूलंट म्हणजे मुख्यतः इथिलीन ग्लायकॉल, पाणी आणि गंजरोधक रसायनं. ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर ते उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं. रेडिएटरच्या झाकणाने दाब धरला की तीच मर्यादा १२५ अंशांच्या पुढे जाते. आंबेनळी किंवा कसारा घाटात एसी लावून, भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढत असते तेव्हा हे वरचे अंश कामाला येतात.

"आमच्या वडिलांच्या जीपमध्ये नळाचंच पाणी होतं, काही झालं नाही" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. ते खरं आहे. त्या गाड्यांचं इंजिन बिडाचं होतं, रेडिएटर तांब्या-पितळेचे होते आणि दर रविवारी पाणी बदलणारी माणसं होती. आजच्या गाडीत इंजिनचं हेड (वरचा भाग) ॲल्युमिनिअमचं, बहुतेकदा ब्लॉकही (इंजिनचा मुख्य सांगाडा) ॲल्युमिनिअमचा, रेडिएटरची जाळी ॲल्युमिनिअमची आणि टाक्या प्लास्टिकच्या असतात. गंजरोधक नसलेलं पाणी या धातूला आतून खातं.

१. खरंच वेळ झाली आहे का, ते आधी बघा

सर्वात आधी हे कागद काढा:

- गाडीसोबत मिळालेलं ओनर्स मॅन्युअल. त्यात कूलंटचा प्रकार, एकूण लिटर आणि बदलण्याची मुदत दिलेली असते.
- सर्व्हिसची जुनी बिलं. कूलंट शेवटचं कधी आणि कोणतं टाकलं ते त्यातून कळतं.
- गाडी वॉरंटीत असेल तर वॉरंटीची पुस्तिका. वॉरंटी चालू असताना घरी हात लावू नका, अधिकृत ठिकाणीच करून घ्या.

मुदत कूलंटच्या जातीवर ठरते. जुन्या पद्धतीचं, सिलिकेटवालं हिरवं कूलंट साधारण दोन वर्षं किंवा ४० ते ५० हजार किलोमीटर टिकतं. सेंद्रिय आम्लांवर आधारित कूलंट पाच वर्षं किंवा त्याहून जास्त चालतं. टोयोटाच्या गुलाबी सुपर लाँग लाइफ कूलंटची पहिली बदली १,६०,००० किलोमीटरला असते आणि त्यानंतर दर ८०,००० ला. तेव्हा वीस हजारांच्या सर्व्हिसला कोणी "कूलंट फ्लश" लिहून दिलं तर मॅन्युअलचं ते पान उघडून समोर ठेवा आणि कारण विचारा. कारण असेल तर सांगता येईल.

मुदत झाली नसली तरी ही लक्षणं दिसली तर काम काढा:

- रिझर्व्हच्या बाटलीतलं किंवा रेडिएटरमधलं कूलंट विटकरी, तपकिरी किंवा गढूळ झालंय.
- झाकणाच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं तर गाळ लागतो.
- पाईपच्या तोंडाशी, क्लिपच्या आसपास पांढरा किंवा हिरवट थर जमलाय.
- मधल्या काळात कोणीतरी साधं पाणी टॉप-अप केलंय आणि किती केलंय ते माहीत नाही.
- गाडी जुनी घेतली आहे आणि आत काय आहे याचा पत्ता नाही. माझ्या मते हे सगळ्यात मोठं कारण.

ऑनलाइन एक ग्लायकॉल रिफ्रॅक्टोमीटर मिळतो. गाडी सांभाळण्याची आवड असेल तर घ्याच. गार कूलंटचा एक थेंब काचेवर टाकायचा आणि उजेडाकडे धरून बघायचं. मिश्रण निम्मं-निम्मं असेल तर गोठणबिंदू उणे ३७ च्या आसपास दिसतो. उणे १५ दिसला तर ग्लायकॉल जेमतेम ३० टक्के आहे. मात्र हे यंत्र फक्त ग्लायकॉलचं प्रमाण सांगतं. गंजरोधक संपलेत की शिल्लक आहेत हे त्याला कळत नाही. म्हणून आकडा चांगला आला तरी मुदत उलटलेली असेल तर कूलंट बदलायचंच.

आणि ही लक्षणं असतील तर कूलंट बदलून काही होणार नाही, सरळ चांगल्या मेकॅनिककडे जा: कूलंटवर तेलाचा तवंग किंवा दुधाळ रंग, लेव्हल दर आठवड्याला खाली जाणं पण खाली एकही थेंब न दिसणं, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर. हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) गेलं असण्याची शक्यता असते. केबिनमध्ये गोड वास आणि काच आतून तेलकट होणं म्हणजे हीटरची जाळी गळतेय.

२. नुसतं बदलायचं की धुवायचं?

ही दोन वेगळी कामं आहेत आणि गॅरेजमध्ये दोन्हींना "फ्लश"च म्हणतात, म्हणून घोळ होतो.

जुनं कूलंट स्वच्छ आहे, रंग शाबूत आहे, कोणतं आहे ते माहीत आहे आणि फक्त मुदत संपली आहे: जुनं पाडा, त्याच जातीचं नवं भरा. धुवायची गरज नाही.

कूलंट गढूळ आहे, गंज दिसतोय, आत काय आहे माहीत नाही किंवा वेगळ्या जातीचं कूलंट टाकायचं आहे: मग पाण्याने धुवा.

बाजारात रेडिएटर फ्लश नावाचं रसायन मिळतं, ते मी शेवटचा उपाय समजतो. दहा-बारा वर्षं नळाच्या पाण्यावर चाललेल्या गाडीत हे रसायन टाकलं की भिंतींना धरलेली खपली सुटते आणि हीटरच्या बारीक नळ्यांत किंवा रेडिएटरच्या जाळीत जाऊन अडकते. कधीकधी त्या खपलीनेच एखादं बारीक छिद्र बुजलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी गाडी गळायला लागते. अशा गाडीला साध्या पाण्याच्या जास्त फेऱ्या द्या. गरजच पडली तर रेडिएटर उतरवून त्याच्या कारागिराकडून साफ करून घ्या.

३. कूलंट निवडताना रंगावर जाऊ नका

हिरवं, निळं, गुलाबी, लाल, नारिंगी. हा रंग म्हणजे कंपनीने घातलेला डाय आहे, त्याला कोणतंही सर्वमान्य प्रमाण नाही. एका कंपनीचं हिरवं सिलिकेटवालं असतं, दुसरीचं हिरवं सेंद्रिय आम्लाचं. "माझं हिरवं होतं, हिरवंच आणलं" एवढ्यावर खरेदी करू नका.

मॅन्युअलमध्ये जे नाव किंवा जे प्रमाण लिहिलंय ते कॅनच्या मागच्या लेबलवर शोधा. भारतीय मानक आयएस ५७५९, जपानी जेआयएस के २२३४, अमेरिकी एएसटीएम डी ३३०६ असे उल्लेख चांगल्या कॅनवर असतात. जपानी कंपन्यांचा कल फॉस्फेटवाल्या, सिलिकेट नसलेल्या कूलंटकडे असतो, युरोपियन कंपन्यांचा त्याच्या उलट. शंका आली तर गाडीच्या कंपनीचंच कूलंट घ्या. थोडं महाग पडतं, पण प्रश्न मिटतो.

दोन जाती एकत्र झाल्या तर काय होतं? बहुतेकदा तात्काळ काही दिसत नाही, पण गंजरोधकांचं आयुष्य घटतं. काही जोड्यांत गाळ किंवा जेली धरते आणि जाळी तुंबते.

लेबलवर आणखी एक गोष्ट बघा: कॉन्सन्ट्रेट आहे की प्रीमिक्स. प्रीमिक्समध्ये पाणी आधीच मिसळलेलं असतं, ते तसंच ओतायचं. कॉन्सन्ट्रेटमध्ये आपण पाणी मिसळायचं. हा फरक सातव्या पायरीत फार महत्त्वाचा ठरणार आहे.

४. पाणी

बोअरचं पाणी अजिबात नको. मराठवाड्यात, सोलापूर-नगरकडे आणि पुण्याच्या टँकरवर जगणाऱ्या उपनगरांत बोअरच्या पाण्यात कॅल्शिअम-मॅग्नेशिअमचे क्षार भरपूर असतात. लातूरकडच्या एका नातेवाइकांच्या गाडीचा खालचा होज (रेडिएटरचा रबरी पाईप) मी उतरवला तेव्हा त्याच्या तोंडाशी आतून पांढरा, टणक थर होता, गीझरच्या कॉइलवर धरतो तसाच. स्क्रू-ड्रायव्हरने टोकरला तर पापुद्रे निघाले. होजमध्ये एवढा, तर रेडिएटरच्या त्या काडीएवढ्या नळ्यांत किती असेल याची कल्पना करा. क्षाराचा थर उष्णता अडवतो, त्यामुळे कूलंट पूर्ण भरलेलं असूनही गाडी तापते.

घ्यायचं ते डिस्टिल्ड किंवा डीएम वॉटर, म्हणजे क्षार काढलेलं पाणी. बॅटरीच्या दुकानात पाच लिटरचा कॅन मिळतो. दुकानदाराला "बॅटरीत टॉप-अप करायचं पाणी" असं स्पष्ट सांगा आणि लेबल वाचून घ्या, कारण त्याच दुकानात बॅटरीचं ॲसिडही तशाच कॅनमध्ये ठेवलेलं असतं. घरच्या आरओचं पाणी बोअरपेक्षा चांगलं, पण क्षारमुक्त नाही. धुण्याच्या पहिल्या फेऱ्यांना ते चालेल, भरायला नको.

५. सामान

- कूलंट आणि डीएम वॉटर. किती, ते पुढे.
- पसरट टब किंवा जुनं घमेलं, किमान पाच लिटरचं. गाडीखाली सरकेल इतकं बुटकं.
- खुणा केलेला मोजमापाचा डबा. लिटरच्या रिकाम्या बाटल्याही चालतात. मोजल्याशिवाय हे काम करू नका.
- पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, पान्यांचा संच. होजच्या क्लिपा गंजल्या असतील तर नव्या.
- नरसाळं, रबरी हातमोजे, चष्मा, भरपूर चिंध्या.
- जुनं कूलंट साठवायला झाकणाचे रिकामे कॅन, त्यावर मार्करने "विषारी" लिहून.

रेडिएटरचं झाकण पाच-सहा वर्षांचं झालं असेल तर तेही नवं घ्या. झाकणावर दाबाचा आकडा असतो, ०.९ किंवा १.१ बार असा काहीतरी, तोच आकडा असलेलं. झाकणाचं रबर सैल झालं की दाब धरत नाही आणि कूलंट लवकर उकळतं.

६. गाडी गार झाल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही

गरम गाडीत आतलं पाणी शंभर अंशांच्या वर असूनही दाबामुळे उकळत नसतं. झाकण उघडलं की दाब जातो आणि ते क्षणात वाफ होऊन उसळतं. थेट चेहऱ्यावर. दर उन्हाळ्यात घाटात माणसं यामुळे भाजतात. कपडा धरून, हळूहळू फिरवून वगैरे काही नाही. रात्री गाडी लावा आणि सकाळी काम काढा, हे सगळ्यात बरं.

किल्ली काढून खिशात ठेवा. काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप सुरू होतो, म्हणून बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून ठेवली तर उत्तम. इंजिन चालू करायची वेळ आली की परत लावा.

लहान मुलं आणि सोसायटीतली कुत्री-मांजरं लांब ठेवा. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि जीवघेणं विषारी असतं. प्राण्याने चाटलं किंवा मुलाच्या तोंडात गेलं तर लक्षणं दिसायची वाट बघू नका, लगेच डॉक्टरकडे धावा. त्यावरचा उपचार लवकर झाला तरच उपयोगी पडतो.

मग जुनं काढायचं. टब रेडिएटरच्या खाली सरकवा. खालच्या कोपऱ्यात प्लास्टिकचा ड्रेन कॉक असेल तर तो हाताने हळू फिरवा. जुन्या गाडीत हा कॉक ठिसूळ झालेला असतो, पक्कड लावली की तुटतो, आणि मग रेडिएटरवरच खर्च येतो. सहज फिरत नसेल तर सोडून द्या. कॉकच नसेल, आणि हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत नसतो, तर खालच्या होजची क्लिप मागे सरकवून होज थोडा फिरवत ओढा. ओढताना तोंड बाजूला ठेवा. आधी बारीक धार येते. वरचं झाकण उघडलं की हवा आत जाते आणि धार जोरात पडायला लागते. रिझर्व्हची बाटलीही उतरवून रिकामी करा, तळाचा गाळ ब्रशने काढा.

पडलेलं कूलंट मोजा. आकडा कागदावर लिहा.

७. धुणं आणि भरणं: खरा हिशोब इथे आहे

समजा मॅन्युअलप्रमाणे गाडीत एकूण ५ लिटर मावतं. तुम्ही मोजलंत तर टबात ३ लिटरच पडलंय. उरलेलं २ लिटर इंजिनच्या ब्लॉकमध्ये आणि हीटरच्या जाळीत आहे. ते खालच्या होजमधून येत नाही. ब्लॉकला वेगळा ड्रेन बोल्ट असतो, पण तो बऱ्याचदा पोचायला अवघड आणि गंजलेला असतो. घरी त्याच्या नादी न लागलेलं बरं.

आता ३ लिटर साधं स्वच्छ पाणी भरा, गाडी चालू करून फिरवा, गार करा, पाडा. प्रत्येक फेरीत काय होतं बघा:

- पहिल्यांदा पाणी भरल्यावर आत जुनं कूलंट ४० टक्के.
- ते पाडून दुसऱ्यांदा पाणी भरल्यावर १६ टक्के.
- तिसऱ्यांदा भरल्यावर सुमारे ६ टक्के.

म्हणजे तीन फेऱ्या पुरतात. तरीही पाणी विटकरी येत असेल तर आणखी करा. शेवटची फेरी मात्र डीएम वॉटरचीच हवी, कारण त्यातलं २ लिटर आतच राहणार आहे.

प्रत्येक फेरीत दोन गोष्टी सांभाळा. एक, गाडी पुरेशी तापली पाहिजे. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. तो उघडेपर्यंत इंजिनमधलं पाणी आणि रेडिएटरमधलं पाणी एकमेकांत मिसळतच नाही. पाच मिनिटं गाडी चालू ठेवून पाणी पाडलंत तर रेडिएटरमध्ये ओतलेलंच पाणी परत पडतं आणि स्वच्छ दिसतं, म्हणून आपण खूश होतो. होज चांगले तापले आणि पंखा एकदा लागला की फेरी झाली असं समजा. हीटरचा नॉब पूर्ण गरमवर ठेवा, म्हणजे तिकडची लाइनही धुतली जाते. दोन, गरम इंजिनमध्ये गार पाणी ओतू नका. हेड वाकतं, प्रसंगी तडकतं. दोन फेऱ्यांच्या मध्ये गाडी गार होऊ द्यावीच लागते, त्यामुळे या कामाला अख्खा रविवार धरा.

आता भरणं. शेवटचं पाणी पाडल्यावर आत २ लिटर पाणी आहे आणि ३ लिटरची जागा आहे. इथे बहुतेक जण निम्म्या-निम्म्या प्रीमिक्सचा कॅन आणून ३ लिटर ओततात. त्या ३ लिटरात ग्लायकॉल फक्त दीड लिटर. दीड लिटर भागिले पाच, म्हणजे ३० टक्के. नवं कोरं कूलंट, पैसे पूर्ण आणि संरक्षण अर्धंमुर्धं.

बरोबर रीत अशी: एकूण क्षमतेच्या निम्मं, म्हणजे अडीच लिटर कॉन्सन्ट्रेट आधी घाला. मग राहिलेल्या जागेत अर्धा लिटर डीएम वॉटर. झालं ५० टक्के. तुमच्या गाडीची क्षमता वेगळी असेल तर आकडे बदलतील, पण निम्मं कॉन्सन्ट्रेट आधी हा क्रम तोच.

तुमच्या कंपनीचं कूलंट फक्त प्रीमिक्समध्येच मिळत असेल तर? मग प्रीमिक्सनेच फेऱ्या द्या. पहिल्या भरणीला ३० टक्के, ते पाडून दुसरी दिली की ४२, तिसरीला ४७. कूलंट जास्त लागतं, पण दुसरा मार्ग नाही. आणि दुसऱ्या पायरीतलं नुसतं बदलण्याचं काम असेल, पाणी आत गेलंच नसेल, तर प्रीमिक्स सरळ भरा.

जास्त घातलं तर जास्त चांगलं, असंही नाही. ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं. ६० टक्क्यांच्या पुढे गेलात तर गाडी उलट जास्त तापेल.

८. हवा काढणं

नव्याने करणारे इथेच घाई करतात. भरताना आत हवेचे कप्पे राहतात. हेडजवळ हवा अडकली तर तेवढा भाग कोरडा तापतो. आता कित्येक छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, फक्त निळा आणि लाल दिवा असतो. त्यात सेन्सर नेमका हवेच्या कप्प्यात आला तर त्याला पाण्याचं तापमान कळतच नाही आणि दिवा लागायला उशीर होतो. म्हणून शांतपणे करा.

शक्य असेल तर गाडीचं नाक वर राहील अशी उतारावर लावा, सोसायटीचा रॅम्प चांगला. हँडब्रेक ओढा आणि चाकामागे दगड लावा. होजवर किंवा थर्मोस्टॅटजवळ हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून, त्यातून बुडबुड्यांशिवाय सलग कूलंट येईपर्यंत हळूहळू ओता आणि मग घट्ट करा.

झाकण काढलेलंच ठेवून, नरसाळं लावून, गार इंजिन सुरू करा. एसी बंद, हीटर पूर्ण गरम, ब्लोअर कमी. बुडबुडे येतील, लेव्हल खाली जाईल, तशी भर घाला. वरचा होज हातमोजा घालून मधूनमधून दाबा. तोंड नरसाळ्यावर आणू नका, कारण थर्मोस्टॅट उघडताना कूलंट एकदम वर येऊ शकतं. बुडबुडे थांबले आणि वरचा होज तापला की झाकण लावून टाका. पंखा लागून बंद होईपर्यंत, शक्यतो दोनदा, गाडी चालू ठेवा. हीटरमधून कडक गरम हवा आली पाहिजे. ती गार येत असेल किंवा डॅशबोर्डच्या मागून गुडगुड आवाज येत असेल तर हवा अजून आत आहे.

बऱ्याच जपानी बनावटीच्या गाड्यांत रेडिएटरवर वेगळं झाकण असतं आणि बाटली फक्त साठ्याची असते. युरोपियन गाड्यांत बाटलीच दाबाखाली असते आणि भरायचं तिथूनच. दुसऱ्या प्रकारात बाटली "मॅक्स"च्या वर भरू नका, गरम झाल्यावर फुगायला जागा लागते. काही नव्या टर्बो गाड्यांना निर्वात पंपाने भरावं लागतं. मॅन्युअलमध्ये तसं असेल तर घरी करू नका. हायब्रीड आणि इलेक्ट्रिक गाड्यांनाही नाही. त्यांच्या बॅटरी-इन्व्हर्टरच्या लाइन वेगळ्या असतात आणि चुकीचं द्रव तिथे धोक्याचं ठरतं.

९. गाडी सीएनजीची असेल तर

ही गोष्ट कूलंट बदलणाऱ्या बऱ्याच जणांच्या डोक्यात येत नाही. सिलिंडरमधला गॅस रेड्युसरमध्ये दाब सोडताना प्रचंड गार होतो, म्हणून इंजिनचं गरम कूलंट दोन बारीक पाईपांनी रेड्युसरमधून फिरवलेलं असतं. कूलंट बदलताना या पाईपांत हवा अडकली की रेड्युसर तापत नाही. मग गाडी गॅसवर जातच नाही किंवा जाते आणि झटके मारते. रेड्युसरवर दव किंवा बर्फही धरतो. लोक मग प्लग बदलतात, किट ट्यून करून आणतात, आणि दोष असतो कूलंटच्या लेव्हलमध्ये.

हवा काढायचं काम पेट्रोलवर चालवून करा. शेवटी रेड्युसरला जाणारे दोन्ही पाईप हाताने बघा, दोन्ही गरम लागले पाहिजेत. एक गरम आणि एक गार असेल तर गार बाजूची क्लिप किंचित सैल करून हवा सोडा, पण इंजिन गार झाल्यावर.

१०. हे करू नका, कोणी कितीही सांगितलं तरी

गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकणं, लीक-स्टॉपची पावडर ओतणं. रानात अडकलात आणि गाव गाठायचंय तर गोष्ट वेगळी. पण नंतर रेडिएटर दुरुस्त करून सगळं धुतलंच पाहिजे, कारण जी पूड छिद्र बुजवते तीच हीटरच्या नळ्याही बुजवते.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे गॅरेजच्या भाषेत "वॉल्व", काढून टाकणं. इंजिन कायम गार चालतं, पेट्रोल जास्त खातं, तेलात ओलावा राहतो. थर्मोस्टॅट खराब असेल तर नवा बसवा, त्याची किंमत इंजिनच्या मानाने काहीच नाही. होज निघालेलाच असतो, तेव्हा जुन्या गाडीत थर्मोस्टॅट बदलायला हीच वेळ सोयीची.

थंडीत लेह-लडाखला जाणार असाल तर पाणी जास्त झालेलं मिश्रण घेऊन जाऊच नका. आपल्याकडे ३० टक्क्यांवर चाललेली गाडी तिथे रात्रीत गोठून ब्लॉक फुटू शकतो. निघण्यापूर्वी रिफ्रॅक्टोमीटरने बघा.

११. जुन्या कूलंटचं काय करायचं

गटारात, नाल्यात, झाडाच्या मुळाशी किंवा विहिरीजवळ ओतू नका. ग्लायकॉलसोबत त्यात इंजिनमधून सुटलेले जड धातूही असतात. कॅनमध्ये भरून झाकण घट्ट लावा आणि जिथे वापरलेलं ऑइल गोळा करतात अशा सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा. मोठी सेंटर्स हा कचरा वेगळा साठवतात आणि गिऱ्हाईक असाल तर सहसा नाही म्हणत नाहीत. पहिल्या दोन फेऱ्यांच्या पाण्यातही ग्लायकॉल भरपूर असतं, तेही कॅनमध्येच. जमिनीवर सांडलेलं माती किंवा लाकडाचा भुसा टाकून टिपा, तो भुसा पिशवीत बांधून त्याच कॅनसोबत द्या आणि मग फरशी भरपूर पाण्याने धुवा.

१२. पुढचा आठवडा

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी गार असताना, लेव्हल बघा. थोडी खाली गेलेली असणारच, कारण उरलेली हवा निघते. आत जे मिश्रण भरलंय त्याच प्रमाणाचं भरा, नुसतं पाणी नको. त्यासाठी अर्धा लिटर तयार मिश्रण बाटलीत करून डिकीत ठेवलेलं सोयीचं पडतं. बाटलीवर नाव आणि प्रमाण लिहा, आणि ती पाण्याच्या बाटलीसारखी दिसणार नाही अशी निवडा.

चार-पाच दिवस पार्किंगची फरशी बघत राहा. थेंब दिसला तर क्लिप आवळा किंवा कॉकचं रबर तपासा. मात्र एसीचं पाणी आणि कूलंट यात गोंधळू नका: एसीचं पाणी रंगहीन असतं आणि लगेच वाळतं, कूलंट रंगीत आणि बोटाला चिकट लागतं. आठवड्यानंतरही लेव्हल खाली जात असेल तर कुठेतरी गळती आहे, प्रेशर टेस्ट करून घ्या.

शेवटी एका स्टिकरवर कूलंटचं नाव, जात, प्रमाण, तारीख आणि किलोमीटर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढच्या वेळी गॅरेजमध्ये कोणी टॉप-अप करायला बाटली उघडली तर आत काय आहे ते त्याला विचारावं लागणार नाही.